आँजिअर, किग्विन आणि मंडळी: दूरच्या वखारीतला गव्हर्नर दिवसभर करायचा तरी काय?

माडाची_वाडी (धागाकर्ता)

गेल्या रविवारी लेकीला घेऊन मुंबईत एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. वय वर्षं नऊ. मागच्या नौदलाच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, पूर्वी किल्ला होता, बॉम्बे कॅसल. इंग्रजांचा गव्हर्नर तिथे राहायचा. लगेच पुढचा प्रश्न: "तो दिवसभर काय करायचा?"

"राज्य करायचा," असं ठोकून दिलं आणि वडापाव घ्यायला उठलो. घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा कळलं की आपण पोरीला थाप मारली.

मी बोलतोय ते अगदी सुरुवातीच्या मुंबईबद्दल, साधारण १६६५ ते १६९०. १६६१च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या राजानं मुंबई दुसऱ्या चार्ल्सला दिली. त्याला ती परवडेना, म्हणून १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडं वर्षाला १० पौंड, तेही सोन्याच्या नाण्यांत, दर ३० सप्टेंबरला. भरतीला एकमेकांपासून तुटणारी बेटं, माडाच्या वाड्या, मिठागरं, कोळीवाडे, आणि मध्ये तटबंदी धड पुरी न झालेलं एक घर. त्या घराचा मालक तो गव्हर्नर!

गंमत अशी की कंपनीच्या काळात मुंबईचा गव्हर्नर हाच सुरतेच्या वखारीचा प्रेसिडेंट. बहुतेक वेळ सुरतेलाच. मुंबईत त्याचा डेप्युटी.

तर प्रश्न असा: हा माणूस राजा होता, फौजदार होता, की दुकानाच्या शाखेचा मॅनेजर?

मीठमिरची

१० पौंडांत मुंबई! आमच्या सोसायटीत स्कूटर लावायचे त्याहून जास्त घेतात.

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. येऊ द्या.

बखरवाला

चांगला धागा. मॅनेजर म्हणावं तर त्याला फाशी द्यायचा अधिकार होता, आणि राजा म्हणावं तर चार पिंपं दारू जास्त खर्ची पडली तरी लंडनला हिशेब द्यावा लागे.

एकट्याच्या मनानं तो फार काही करू शकत नसे. त्याचं एक कौन्सिल असे: जमाखर्च पाहणारा, बखार सांभाळणारा, असे वरिष्ठ व्यापारी. ठराव बहुमतानं, त्याची नोंद वहीत, वहीची नक्कल लंडनला. आजही आपण त्या नकलांवरच इतिहास लिहितो. दिवसाचा मोठा भाग पत्रं लिहिण्यात आणि लिहवून घेण्यात जायचा. किती कापड घेतलं, मिरी काय भावानं मिळाली, कुठला दलाल बुडाला, कोण कारकून प्यायला, कोण मेला.

हे सगळं करणाऱ्या लेखनिकाचा पगार वर्षाला १० पौंड. म्हणजे राजाला मुंबईचं जेवढं भाडं, तेवढाच एका कारकुनाचा पगार.

शिळाभात

आँजिअर म्हणजे आंग्रेच ना? कान्होजींच्या घराण्यातले कोणी?

मीठमिरची

@शिळाभात 🤦

बखरवाला

नाही हो. जेराल्ड आँजिअर, इंग्रज, गव्हर्नर १६६९ ते १६७७. तो मेल्यावर वीसेक वर्षांनी कान्होजी सरखेल झाले. पण तुमच्या गोंधळात एक मजा आहे. धागाकर्त्यानं दाखवलेल्या भिंतीआड नौदलाचा जो तळ आहे, त्याचं नाव आयएनएस आंग्रे. ज्या आरमाराच्या धास्तीनं पुढचे गव्हर्नर रात्र-रात्र पत्रं खरडत बसले, त्याच्याच नावाची पाटी त्यांच्या घरावर लागली.

शिळाभात

म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो. 😎

दर्यावर्दी

मर्चंट नेव्हीत हयात गेली, म्हणून अंतराबद्दल थोडं लिहितो. आज 'दूर' म्हणजे काय ते कळत नाही.

जहाजं इंग्लंडहून हिवाळ्याच्या शेवटी निघत आणि आफ्रिकेला वळसा घालून पावसाळा ओसरता ओसरता इकडे लागत. परत फिरायचं ते थंडीतल्या वाऱ्यावर. म्हणजे आज गव्हर्नरनं विचारलं, "तटाला चुना घेऊ का?", तर उत्तर यायला दीड-दोन वर्षं. बसऱ्यावरून खुष्कीच्या मार्गानं पत्र जरा लवकर जाई, पण भरवसा नाही. आणि जूनला बारं (बंदराची समुद्रवाट) बंद झालं की सुरत-मुंबईसुद्धा तुटायचं. माझ्या मते या नोकरीचं मर्म इथे आहे. हुकूम मागायचा, पण तो येईपर्यंत काम उरकून मोकळं व्हायचं.

आणि जगायचं. पहिला नेमलेला गव्हर्नर अब्राहम शिपमन मुंबईत पाऊलसुद्धा ठेवू शकला नाही. १६६२ साली शिपाई घेऊन आला, तर पोर्तुगीज म्हणाले कागद बरोबर नाहीत. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ही माणसं पडून राहिली. शिपमन १६६४ साली तिथेच गेला. चारशेच्या वर शिपायांतले जेमतेम शंभर उरले. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ ला मुंबई बेटाचा ताबा घेतला तो त्याच्या सेक्रेटरीनं, हम्फ्री कुक यानं. पुढचा जर्व्हेज लुकास नोव्हेंबर १६६६ ला आला, मे १६६७ ला मेला. एकसुद्धा पावसाळा नाही बघितला बिचाऱ्यानं.

सुगरण_पण_आळशी

तेव्हाच्या इंग्रजांत म्हणच होती की मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. आमच्याकडे सासरे उठता-बसता "मी चार पावसाळे जास्त पाहिलेत" म्हणतात. त्या काळी मुंबईत सगळ्यांत अनुभवी गव्हर्नर ठरले असते.

भामरागड_रिटर्न

दर्यावर्दींच्या प्रतिसादाला +१००. स्वतःचं सांगतो.

नव्वदच्या दशकात एका बँकेच्या भामरागडच्या शाखेत होतो. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी, फोन बंद, आणि जगाशी संबंध संपला. एका पावसाळ्यात असाच पूर आला. तेंदूपत्त्याचे पैसे घ्यायला लोक दहा-दहा मैल चिखल तुडवत आलेले, आणि माझ्या अधिकाराची मर्यादा संपलेली. बायका पायरीवर बसून होत्या. एकीनं ओल्या पदराच्या गाठीतून पासबुक काढलं, त्याच्या पानांचा लगदा झालेला. मी कॅशियरकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. वाटून टाकले पैसे.

आठ महिन्यांनी वरून पत्र: "खुलासा करावा." पुराबद्दल एक अक्षर नाही, फक्त परिपत्रकाचा क्रमांक.

म्हणून आँजिअरला कंपनीचे संचालक तटबंदीच्या खर्चावरून टोचत, हे वाचलं की मला तो माणूस ओळखीचा वाटतो. डच उरावर बसलेले, आणि लंडनहून विचारणा की एवढा पैसा कशाला.

बखरवाला

@भामरागड_रिटर्न, काय नेमकं बोललात. आणि डच खरोखरच आले. फेब्रुवारी १६७३ मध्ये रिकलॉफ व्हान गून्स आरमार घेऊन मुंबईसमोर उभा राहिला. आँजिअरनं शिपाई, भंडारी, वाडीवाले, जो हाताला लागेल त्याला तटावर उभं केलं. डच बघून गेले, हल्ला केला नाही. तट बांधलाच नसता तर आज आपण डच नावांचे रस्ते चुकीचे उच्चारत बसलो असतो.

त्या आठ वर्षांत त्यानं काय काय लावून दिलं पाहा. न्यायालय, टांकसाळ, जातवार पंचायती, बनियांना-पारशांना आपापला धर्म पाळायची हमी. मलबार हिलवरच्या पारशांच्या पहिल्या दख्म्याची (मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याची) सुरुवात त्याच काळातली. वस्ती दहा हजारांवरून साठ हजारांवर गेली असं लिहितात. १६७२ ते १६७५ तो सुरत सोडून मुंबईतच येऊन राहिला. मुंबईचा पाया घालणारा कोणी असेल तर हा.

खाडीकाठ

झालं, आरती सुरू झाली.

आमचं मूळ घर माझगावचं, म्हणून दुसरी बाजू सांगतो. 'पाया घातला' म्हणजे कोणाच्या जमिनीत? इंग्रज आले तेव्हा वाड्यांना मालक होते. कुकच्या काळापासून "ही जमीन राजाची, ती जमीन राजाची" सुरू झालं. लोक वैतागले. १६७२ साली आँजिअरनं जो करार केला, तो हे मिटवायला: जमीनधारकांनी मिळून वर्षाला २०,००० जेराफिन (पोर्तुगीज नाणी) भरायचे आणि कंपनीनं जमिनीवरचा दावा सोडायचा. आपल्याच वाडीत आपल्याला राहू द्यावं म्हणून वर्षाला पैसे! याला शहाणपण म्हणा हवं तर, मी सौदा म्हणतो.

आणि मासळीचं खत. माडाच्या मुळाशी कुजकी मासळी घालायची ही इथली जुनी रीत. नारळ धरतो तो त्यावर. गोऱ्यांना वाटायचं की तापाची साथ त्या घाणीनं येते, म्हणून बंदीची भाषा. डास कोणाच्या डोक्यात नव्हता. स्वतः अरक ढोसायचे, घट्ट लोकरी कपडे घालून उन्हात फिरायचे, आणि दोष बांगड्याला.

सुगरण_पण_आळशी

खाडीकाठ दादा, वास पण येतच असणार हो. खोटं कशाला बोला. 😄

खाडीकाठ

ताई, वास येतो. नारळही येतो.

मीठमिरची

अवांतर: अरकाचं निघालं म्हणून. 'पंच' हे पेय आपल्या 'पाच'वरून आलं म्हणतात. अरक, लिंबू, साखर, मसाला, पाणी. त्यांनी आपल्याला न्यायालय दिलं, आपण त्यांना पंच. फिटंफाट.

बखरवाला

करारात दोन्ही बाजूंनी काही सोडलं, खाडीकाठ. त्याआधीच्या मनमानीपेक्षा लेखी करार बरा की नाही? पण तुमचा मुद्दा मान्य, 'उदार' हा शब्द मी वापरणार नाही. पेढी चालायची तर माणसं यायला हवीत, आणि ती यायची तर त्यांना सुखानं राहता यायला हवं. उदारपणा धंद्याच्या हिशेबातला होता.

निवृत्त_नाझर

मी जिल्हा न्यायालयात नाझर होतो, म्हणून न्यायालयाचं ऐकताच खुर्ची पुढे ओढली.

ऑगस्ट १६७२ मध्ये मुंबईत इंग्रजी कायदा लागू झाला आणि ८ तारखेला कोर्टाचं उद्घाटन झालं. मिरवणूक काढली होती. पुढे हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी, दोन-दोनच्या जोडीनं. मग निरनिराळ्या जमातींची माणसं, मग जॉर्ज विलकॉक्स हा न्यायाधीश, मग खुद्द गव्हर्नर. तारीख परत वाचा: ८ ऑगस्ट. ऐन पावसात! चिखलातून हिरवे अंगरखे सावरत भंडारी चाललेत आणि मागे विग सांभाळत साहेब, हे डोळ्यांपुढे आलं की मला आमच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आठवतं. मंडप गळत होता आणि मान्यवर दीप लावत होते. काडी पेटेना.

धाग्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: गव्हर्नरचं अर्धं काम दिसणं हे होतं. हातात माणसं थोडी, तोफा थोड्या, पैसा त्याहून थोडा. मग वाजंत्री तरी हवी. सुरतेला प्रेसिडेंटच्या जेवणात पदार्थ टेबलावर यायचे तेही कर्णा वाजवत.

शिळाभात

आमच्याकडे पण वाजतो. कुकरचा.

दर्यावर्दी

हसलो. 😂

नाझरसाहेब, आता दिसण्याच्या उलट बाजू. शिपायांच्या पगाराला हात लावला की वाजंत्री कामी येत नाही. १६७४ साली आँजिअरच्या नाकासमोर शिपायांनी बंड केलं. त्यात कॉर्पोरल फेक याला गोळी घातली.

खरी बहार १६८३ची. कंपनीनं काटकसर काढली. फौज कमी करा, भत्ते कमी करा. सुरतेला जॉन चाइल्ड बसलेला, मुंबईत डेप्युटी चार्ल्स वॉर्ड. २७ डिसेंबरला फौजेचा कप्तान रिचर्ड किग्विन यानं वॉर्डला धरलं, कंपनीचा अंमल संपल्याचं जाहीर केलं आणि बेट थेट राजाच्या नावानं चालवायला घेतलं. शिपायांनी त्यालाच गव्हर्नर केलं. हा आधी सेंट हेलेनाचा गव्हर्नर होता, म्हणजे दूरच्या बेटाचा अनुभव गाठीशी.

जवळजवळ अकरा महिने कारभार केला. संभाजीराजांकडे वकील पाठवून तह केला. शेवटी थॉमस ग्रँथम राजाचा हुकूम घेऊन आला, तेव्हा नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर बेट आणि खजिना त्याच्या हवाली केला. कोणाला कापलं नाही, लुटलं नाही. बंडखोर म्हणून नोंदला गेलेला हा माणूस नेमलेल्यांपेक्षा बरा गव्हर्नर होता, असं माझं मत. झोडा आता.

बखरवाला

झोडत नाही, पण एक आठवण. १६७९ला खांदेरीवर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मायनाक भंडारीच्या माणसांना अडवायला इंग्रजांनी जी गलबतं पाठवली, त्यांत हाच किग्विन होता. पुष्कळ लढला, पण खांदेरी अडवता आली नाही. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून सामान पोचवून मोकळ्या. इंग्रजांची मोठी गलबतं वाऱ्याची वाट बघत उभी.

खाडीकाठ

ती बखरवाल्यांची दुसरी आरती. हिला मी पण टाळ्या वाजवतो.

सुगरण_पण_आळशी

सगळे गव्हर्नर-गव्हर्नर करताय. मधल्या माणसांचं काय? साहेबाला मराठी येत नव्हतं, मग महाराजांशी बोलायचं कोण? नारायण शेणवी. पत्र वाचायचं त्यानं, अर्थ सांगायचा त्यानं, उत्तराचा सूर ठरवायचा त्यानं. माझ्या मते खरा कारभार दुभाष्याचा. गव्हर्नर सही करायचा.

बखरवाला

ताई, अगदी. १६७४ला राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर गेला तेव्हा शेणवी बरोबर होतेच. मराठ्यांनी राजापूरची इंग्रज वखार लुटली होती त्याची भरपाई, व्यापाराची मोकळीक, किनाऱ्याला फुटलेल्या जहाजांवर हक्क कोणाचा, कंपनीची नाणी चालणार की नाही, या सगळ्यावर घासाघीस. फुटलेलं जहाज किनाऱ्याच्या राजाचं, ही कोकणातली जुनी चाल होती.

त्याच मुक्कामातली एक गोष्ट नोंदवलेली आहे. इंग्रजांना बोकडाचं मटण पुरवणारा म्हातारा खाटीक तेवढी चढण चढून खास त्यांना बघायला आला. का? तर इतकी वर्षं गडावर मिळून जेवढं मांस खपलं नव्हतं, तेवढं या मूठभर माणसांनी थोड्या दिवसांत संपवलं. असं गिऱ्हाईक दिसतं तरी कसं, ते बघायचं होतं.

मीठमिरची

या धाग्यातलं सगळ्यांत प्रामाणिक पात्र सापडलं.

निवृत्त_नाझर

सुरतेला कतारगामजवळ इंग्रजांचं जुनं कबरस्तान आहे. मुलीच्या सासरी गेलो होतो तेव्हा जावयाला घेऊन गेलो, तो बिचारा घारी खायला घेऊन चालला होता. मुंबईचा कंपनीतर्फे पहिला गव्हर्नर जॉर्ज ऑक्झिंडन आणि त्याचा भाऊ क्रिस्टोफर यांची कबर बघा. घुमट, खांब, मजल्यावर मजला. कोणा नबाबाची वाटावी. जिवंतपणी वहीत आण्या-पैचा हिशेब, मेल्यावर हा थाट. आत शेळ्या बसल्या होत्या.

भामरागड_रिटर्न

पुढचं कोणी सांगितलं नाही म्हणून दोन ओळी. त्या जॉन चाइल्डनं नंतर औरंगजेबाशी भांडण काढलं. १६८९ला सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला, माझगाव-माहीम घेतलं, आणि साहेबलोक किल्ल्यात कोंडले. वर्षभर. शेवटी दीड लाख रुपये दंड आणि बादशहाची माफी. चाइल्ड फेब्रुवारी १६९० मध्ये, अपमान पुरा व्हायच्या आतच, वारला.

दूरच्या शाखेत दोन प्रकारची माणसं बिघडतात. एक, वरून हुकूम आल्याशिवाय पान न हलवणारी. दुसरी, इथे आपल्याला कोण विचारतो म्हणणारी. चाइल्ड दुसऱ्यातला. मी दोन्ही प्रकारच्या साहेबांखाली काम केलंय, नावं विचारू नका.

खाडीकाठ

त्या वर्षभरात माझगावच्या वाड्यांचं काय झालं असेल, तेही मोजा. साहेब किल्ल्यात कोंडला होता, आमची माणसं उघड्यावर होती.

माडाची_वाडी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. दोन दिवस ऑफिसात काम कमी आणि हा धागा जास्त वाचला.

काल रात्री लेकीला सुधारित उत्तर दिलं: तो पत्रं लिहायचा, हिशेब तपासायचा, मिरवणुकीत चालायचा, डच आणि सिद्दी आणि महाराज यांच्या मध्ये उभा राहायचा, पगारावरून शिपायांच्या शिव्या खायचा, आणि बहुधा तापानं मरायचा. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे बाबा, तो पण तुझ्यासारखा मेलच करायचा."

भामरागड काका, तुमच्या त्या खुलाशाचं पुढे काय झालं?

भामरागड_रिटर्न

उत्तर पाठवलं. अजून पोच आलेली नाही.